शाळा गेली, फलक उरला



लंडनमधील जुन्या शाळांच्या इमारतींचे पुढे काय होते ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. पटसंख्या घटते, दोन शाळांची एक शाळा होते आणि उंच खिडक्यांच्या, लाल विटांच्या इमारतीत वर्षा-दोन वर्षांत फ्लॅट विक्रीला निघतात. घंटेचा मनोरा, कमानी, ‘मुलींसाठी प्रवेश’ असे कोरलेली दगडी चौकट हे सगळे जाहिरातीत मिरवले जाते. एक वस्तू मात्र सर्वांनाच अडचणीची वाटते. ती म्हणजे सभागृहाच्या भिंतीवरचा, महायुद्धात मारल्या गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या नावांचा फलक. तो आपल्या दिवाणखान्यात कोणालाच नको असतो, आणि कचऱ्यात टाकायची हिंमतही होत नाही. मग तो आधी जिन्याखाली जातो, नंतर तळघरात, आणि एके दिवशी कोणालाच ठाऊक नसते की तो कुठे गेला.

आमच्या भागात सध्या अशाच एका बंद पडलेल्या शाळेच्या फलकाचा प्रश्न निघाला आहे. संगमरवराला तडा गेला आहे आणि बरीच अक्षरे निखळली आहेत. शेजारपाजारच्या लोकांनी दुरुस्तीसाठी वर्गणी काढली असून इथे राहणारे मराठी लोक म्हणून आपल्यालाही विचारले आहे. त्यावर आपल्यात जी चर्चा झाली ती ऐकून हा लेख लिहावासा वाटला.

चर्चेत मला आक्षेप ऐकू आले ते साधारण तीन. पहिला असा की ही साम्राज्याची स्मारके आहेत, ज्यांच्यावर राज्य केले गेले त्यांच्या नातवंडांनी ती का दुरुस्त करावीत? दुसरा असा की आपण स्वतःला युद्धविरोधी म्हणवतो, मग युद्धाचे गोडवे गाणाऱ्या दगडांना पॉलिश कशाला? आणि तिसरा, अगदी व्यवहारी: आपल्या गावाकडे असे कितीतरी दगड पडले आहेत, आधी त्यांचे बघा.

तिन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत आणि तिन्हींत तथ्य आहे. तरीही माझे मत असे आहे की वर्गणी द्यावी, आणि देताना एक अट घालावी. ती अट कोणती हे सांगण्याआधी लंडनमधल्याच दुसऱ्या एका शाळेची हकीकत सांगणे आवश्यक आहे.

पॉप्लरची शाळा

पूर्व लंडनमध्ये ईस्ट इंडिया डॉक रोड नावाचा रस्ता आहे. ज्या कंपनीने आपल्यावर राज्य केले तिच्याच गोद्यांवरून पडलेले हे नाव. या रस्त्याला लागून पॉप्लर रिक्रिएशन ग्राउंड हे सार्वजनिक उद्यान आहे आणि त्यात एक स्मारक आहे. वर पंखवाला देवदूत, खाली चबुतरा, आणि चबुतऱ्यावर १८ नावे. प्रत्येक नावापुढे वय लिहिले आहे. बहुतेक वये चार, पाच आणि सहा.

ही अपर नॉर्थ स्ट्रीट शाळेची मुले. १३ जून १९१७, बुधवार. दिवस चांगला उजाडलेला असताना जर्मन गोथा विमानांची तुकडी लंडनवर आली. त्याआधी लंडनवर हल्ले झाले होते ते मुख्यतः रात्री, झेपेलिन या फुगवलेल्या हवाई जहाजांचे. विमानांचा, दिवसाढवळ्या, तुकडीने केलेला हा पहिलाच हल्ला. लोक घाबरून घरात पळण्याऐवजी रस्त्यावर येऊन वर बघत उभे राहिले, कारण असे काही कोणी पाहिलेच नव्हते. त्यातला एक बॉम्ब शाळेच्या छतातून आत शिरला. वरच्या मजल्यावर मुलींचा वर्ग, मधल्या मजल्यावर मुलांचा, आणि तळमजल्यावर बालवर्ग. बॉम्ब दोन मजले भेदून खाली आला आणि बालवर्गात फुटला. १८ मुले गेली. शाळेच्या रखवालदाराला ढिगारा उपसताना स्वतःचाच मुलगा सापडला. त्या एका दिवसात हल्ल्यात एकूण १६२ माणसे मेली आणि ४३२ जखमी झाली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनवर झालेल्या कोणत्याही एका हवाई हल्ल्यातील हा सर्वांत मोठा आकडा.

आठवड्याने, २० जूनला, सामुदायिक अंत्ययात्रा निघाली. गोदी कामगारांचा आणि खलाशांचा हा भाग. हातावर पोट असलेली माणसे. त्यांनी वर्गणी काढून स्मारक उभारले. २३ जून १९१९ रोजी त्याचे अनावरण मेजर जनरल ॲशमोर यांच्या हस्ते झाले. लंडनच्या हवाई संरक्षणाची जबाबदारी युद्धाच्या शेवटच्या काळात त्यांच्याकडे होती.

पुढे शाळा नव्याने बांधली गेली. आज त्या जागी मेफ्लॉवर नावाची प्राथमिक शाळा आहे. अपर नॉर्थ स्ट्रीट शाळा म्हणून आता काही उरले असेल तर तो उद्यानातला देवदूत.

स्मारक कोणाचे?

पहिल्या आक्षेपाला या स्मारकानेच अर्धे उत्तर दिले आहे. हे साम्राज्याचे स्मारक म्हणायचे का? ज्यांची मुले गेली ते पॉप्लरचे लोक साम्राज्याच्या लुटीचे मालक नव्हते. जहाजातून आलेला माल पाठीवर वाहणारे होते. त्यांच्याच नगरपालिकेने १९२१ मध्ये जॉर्ज लॅन्सबरी यांच्या नेतृत्वाखाली लंडन काउंटी कौन्सिलचा हिस्सा गोळा करायला नकार दिला. गरीब वस्तीवर बेकारांना पोसण्याचा बोजा आणि श्रीमंत वस्ती मोकळी, ही कुठली न्यायाची रीत, असा त्यांचा सवाल होता. ३० नगरसेवक तुरुंगात गेले, त्यांत स्त्रियाही होत्या. सहा आठवड्यांनी ते सुटले आणि कायदा बदलावा लागला. आपल्याकडच्या सत्याग्रहाच्या कथा ऐकून वाढलेल्या कोणालाही ही हकीकत परकी वाटू नये.

आणि याच पॉप्लर-लाइमहाउसमध्ये आपल्याकडचे खलाशीही उतरत. त्यांना लस्कर म्हणत. सिल्हेटचे, चितगावचे, आणि मुंबई बंदरातून भरती झालेले आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. बोटीवरच्या खानसाम्याच्या कामाला गोव्याचे लोक. युद्धात बोटी बुडाल्या तेव्हा तेही बुडाले. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. मुंबईकर म्हणवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे?

आज पॉप्लरच्या आसपास बांगलादेशी वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यातल्या काहींचे पणजोबा-खापरपणजोबा त्याच गोदीत उतरले असणार. त्या उद्यानात त्यांची मुले खेळतात. स्मारक कोणाचे, याचे साधे उत्तर असे की जे आज त्याच्या शेजारी राहतात त्यांचे. वंशावळ काढून मगच फूल वाहायचे असे ठरवले तर शंभर वर्षांनी कोणत्याच दगडाला वारस उरणार नाही. आपण इथे कर भरतो, मतदान करतो, आपली मुले इथल्या शाळांत जातात. त्या शाळांचा इतिहास मात्र ‘त्यांचा’, असे आपण कसे म्हणू शकतो? हाच न्याय उलटा लावून कोणी आपल्याला ‘तुमचा इथे काय संबंध’ असे विचारले तर आपल्याला राग येतो, आणि तो रास्तच असतो.

फलकावर काय लिहिलेले नाही

आता दुसरा आक्षेप, युद्धाच्या उदात्तीकरणाचा. हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि माझी अट येते ती इथूनच.

पॉप्लरची मुले गेल्यावर, आणि ७ जुलै १९१७ रोजी लंडनवर पुन्हा तसाच हल्ला झाल्यावर, लोक खवळले. सूड हवा अशी मागणी झाली. (त्याच जुलैत राजाने आपल्या घराण्याचे सॅक्स-कोबर्ग-गोथा हे जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतले. बॉम्ब टाकणारी विमाने ज्या गोथा शहरात बनत तेच नाव राजाच्या आडनावात होते!) सरकारने हवाई संरक्षणाचा विचार करायला जनरल स्मट्स यांना सांगितले. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींशी ज्यांची गाठ पडली होती तेच हे स्मट्स. त्यांच्या ऑगस्ट १९१७च्या अहवालातून स्वतंत्र हवाई दलाची कल्पना पुढे आली आणि १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्सची स्थापना झाली. लहान मुलांवर बॉम्ब पडले याच्या संतापातून हे दल जन्माला आले, असे म्हणणे थोडे ढोबळ होईल, पण चुकीचे होणार नाही.

या दलाला एक वर्ष झाल्यानंतर काय झाले? जालियनवाला बागेतील हत्याकांडाच्या दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिल १९१९ रोजी, पंजाबातील गुजरांवाला शहरात दंगल उसळली. जमावाने रेल्वे स्टेशन, टपाल कचेरी आणि चर्च जाळले. लाहोरहून रॉयल एअर फोर्सची विमाने पाठवण्यात आली. त्यांनी शहरावर आणि आसपासच्या खेड्यांवर बॉम्ब टाकले, मशिनगन चालवली. त्यातला एक बॉम्ब पडला तो खालसा हायस्कूलच्या वसतिगृहाच्या आवारात.

पुन्हा वाचा. एका शाळेच्या वसतिगृहावर.

१४ एप्रिल ते २३ जून म्हणजे बरोबर ७० दिवस. गुजरांवाल्याच्या शाळेवर बॉम्ब पडल्यानंतर ७० दिवसांनी पॉप्लरच्या शाळेतील मुलांच्या स्मारकाचे अनावरण झाले. मधल्या काळात, २४ मे १९१९ रोजी, याच दलाच्या विमानाने काबूलवर बॉम्ब टाकले होते. पुढच्या वर्षी सोमालीलँड, मग इराक, मग वझिरिस्तान. पलटणी पाठवण्यापेक्षा विमान स्वस्त पडते हा हिशेब त्यामागे होता, आणि ‘हवाई पोलिसी’ असे गोंडस नाव त्याला मिळाले होते.

गुजरांवाल्याची हकीकत लपवलेली नाही. सरकारने नेमलेल्या हंटर समितीपुढे त्या वैमानिकाची साक्ष झाली. समितीतील तीन हिंदी सदस्यांनी वेगळा अहवाल दिला, त्यांत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते. काँग्रेसने स्वतंत्र चौकशी केली. गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर त्या चौकशीत आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. अहवाल १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे कागदपत्रे आहेत. नाही ते पॉप्लरच्या उद्यानात आहे तसे काहीतरी, जिथे नाव आणि वय वाचून माणूस क्षणभर थांबेल.

माझे म्हणणे असे अजिबात नाही की पॉप्लरच्या मुलांचे दुःख गुजरांवाल्यामुळे कमी होते. पाच वर्षांच्या मुलाला कुठल्याच साम्राज्याचा हिशेब चुकता करायचा नसतो. ‘त्यांनी केले म्हणून त्यांना भोगावे लागले’ हा हिशेब जो मांडतो तो बॉम्ब टाकणाऱ्याच्याच बाकावर जाऊन बसतो. मी म्हणते आहे ते याच्या नेमके उलट. बालवर्गात बॉम्ब पडणे हा गुन्हा आहे हे ज्या लोकांनी दगडावर कोरून ठेवले, त्यांच्याच सरकारला दहा आठवड्यांपूर्वी ते आठवले नाही. शोक खरा होता. तो आपल्या गल्लीपुरता राहिला, हे त्याचे अपुरेपण. स्मारकाची दुरुस्ती करताना हे अपुरेपण भरून काढता येते, आणि ते काम युद्धविरोधी माणसानेच करायला हवे. दगड तसाच सडू दिला तर युद्धाचा निषेध होत नाही. फक्त पाच वर्षांच्या मुलांची नावे पुसली जातात.

जीर्णोद्धार म्हणजे काय?

मी पदार्थविज्ञानात संशोधन करते. पृष्ठभागांची झीज हा माझ्या रोजच्या कामाचा विषय. त्यामुळे दुरुस्तीबद्दल चार शब्द लिहिणे माझे कर्तव्यच आहे. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटले की काय होते ते सर्वांना माहीत आहे. आठशे वर्षे उभ्या असलेल्या हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फासतात, गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स लावतात आणि देणगीदारांच्या नावांची पाटी देवापेक्षा मोठी करतात. हेतू चांगला असतो. दगड मात्र गुदमरतो, कारण आतला ओलावा बाहेर पडायला वाट राहत नाही.

इथेही उत्साहाच्या भरात असेच घडते. संगमरवर हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. कोळशाच्या धुरातले गंधकाचे वायू त्यावर बसले की पृष्ठभागाचे जिप्सम होते आणि त्यात काजळी अडकून काळा थर जमतो. तो काढायला कोणी तारेचा ब्रश घेते, कोणी ॲसिड ओतते, कोणी वाळूचा फवारा मारते. दगड तासाभरात पांढराशुभ्र दिसतो, पण त्याचा वरचा टणक थर अक्षरांच्या कडांसकट निघून गेलेला असतो, आणि उघडा पडलेला दगड पूर्वीपेक्षा लवकर झिजतो. पितळी फलक दर नोव्हेंबरला घासून घासून लख्ख करणाऱ्या भक्तांनी कित्येक ठिकाणी नावेच सपाट केली आहेत. जुन्या चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरले की पाणी सांध्यातून न निघता दगडातून निघू लागते, आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो.

संगमरवरी फलकांवरची अक्षरे पुष्कळदा शिशाची असतात. दगडात बारीक भोके पाडून त्यांत शिसे ठोकून बसवलेले असते. अक्षर गळून पडले तरी भोके राहतात आणि त्यावरून मूळ अक्षर ओळखता येते. भोके बुजवून वर रंगाने नाव लिहिले की तो पुरावा कायमचा गेला. म्हणून जाणकार लोक आधी बारकाईने फोटो काढतात, नोंदी करतात, शक्य तितके कमी काम करतात आणि जे करतात ते पुढे कोणाला उलटवता येईल असे करतात. १९९७ साली स्थापन झालेल्या वॉर मेमोरियल्स ट्रस्ट या संस्थेने याबाबत चांगल्या मार्गदर्शक सूचना तयार केल्या आहेत. इंपीरियल वॉर म्युझियमची स्मारकांची सूची आहे. आपल्या फलकाची नोंद त्यात आहे की नाही हे पाहणे हे पहिले काम, कारण नोंद नसलेली वस्तू हरवली तर ती होती हेच सिद्ध करता येत नाही.

कायद्याच्या भरवशावर राहू नये. १९२३च्या कायद्याने स्थानिक संस्थांना युद्धस्मारकांवर खर्च करण्याचा अधिकार मिळाला. तो अधिकार आहे, बंधन नाही. आणि शाळेच्या भिंतीवरचा फलक सहसा भिंतीच्या मालकाचा समजला जातो. इमारत विकली की फलकही विकला गेला, असा त्याचा अर्थ. लोकांनी लक्ष घातले तरच तो वाचतो.

मुद्दा असा की दगडाच्या बाबतीत जे तत्त्व तेच इतिहासाच्या बाबतीत. जे आहे ते खरवडू नका, आणि जे गळले आहे त्याची भोके बुजवू नका. १९१९च्या लोकांचे शब्द बदलून आपल्या सोयीचे करायचे नाहीत. पण शेजारी एक नवा, छोटा, साधा माहितीफलक लावता येतो. त्यावर मूळ फलकाने न सांगितलेले सांगता येते.

नावे आणि आकडे

आता तिसरा आक्षेप: आधी आपल्या गावाकडचे बघा. या बाबतीत मी आक्षेप घेणाऱ्यांच्याच बाजूची आहे.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या पट्ट्यात फिरताना जुन्या चावडीच्या, देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेला लहानसा संगमरवरी दगड काहींनी पाहिला असेल. त्यावर लिहिलेले असते की या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. इतकेच. गेले किती, मेले किती. नाव एकही नाही.

पॉप्लरच्या गोदी कामगाराच्या पाच वर्षांच्या मुलाला नाव मिळाले. आमच्या बंद पडलेल्या शाळेतल्या कारकुनाच्या मुलाला मिळाले. आपल्या गावातून बसरा-बगदादपर्यंत गेलेल्या माणसाला आकडा मिळाला. पुण्याचे नाव लावणारी सहावी डिव्हिजन कुतच्या वेढ्यात सापडली, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. उपासमार, शरणागती, आणि नंतर तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून पायपीट. इराकमधील बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे, पण सामान्य हिंदी शिपायांची नावे त्यावर कोरलीच नव्हती. पलटणीचे नाव आणि पुढे संख्या. एकूण ७४ हजारांहून अधिक हिंदी सैनिक त्या युद्धात मेले.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने सगळ्या मृतांना समान वागणूक हे आपले तत्त्व मानले होते. त्याच कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच चौकशी अहवाल प्रसिद्ध करून कबुली दिली की पहिल्या महायुद्धातील ४५ ते ५४ हजार आशियाई-आफ्रिकी मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांचे नावानिशी किंवा मुळीच स्मरण झाले नाही. कमिशनने माफी मागितली. ही कबुली आपोआप आली नाही. लोकांनी प्रश्न विचारले म्हणून आली.

आपल्या गावच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. १८९२ नंतर महारांची लष्करातील भरती बंद झाली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केले, त्यांचा उपयोग झाला नाही. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. गावच्या दगडावर ‘इतके गेले’ असे लिहिले आहे, त्यांतले गावठाणातले किती आणि वेशीबाहेरचे किती? आकडा हे सांगत नाही. कदाचित म्हणूनच गावाला आकडा पुरला. नावे लिहायची झाली असती तर ती कोणत्या क्रमाने लिहायची यावरच भांडण झाले असते.

नावे शोधता येतात. पंजाबच्या बाबतीत ते काम सुरू झाले आहे. लाहोर संग्रहालयात दशकानुदशके पडून असलेल्या, गावोगावच्या सैनिकांच्या नोंदवह्या २०२१ पासून संगणकावर येऊ लागल्या. त्यामागे इथल्याच पंजाबी मंडळींचा पुढाकार आहे. त्यांनी ‘आधी तिकडचे की आधी इकडचे’ असा वाद घातला नाही. आपणही घालू नये. जो माणूस इथल्या शाळेच्या फलकावरचे नाव वाचायला शिकतो, त्यालाच गावच्या दगडावर नाव नाही हे खटकते.

तर मग काय करावे

माझी सूचना चार भागांत आहे.

एक, वर्गणी द्यावी. रक्कम मोठी नसली तरी चालेल, पण मंचाच्या नावाने द्यावी.

दोन, अट घालावी की काम जाणकार कारागिराकडूनच होईल, आधी पूर्ण नोंद होईल, आणि फलक कोणाच्या तरी खासगी जिन्यात न ठेवता लोकांना पाहता येईल अशा सार्वजनिक जागी, शक्यतो भागातल्या चालू शाळेत किंवा वाचनालयात, लागेल.

तीन, आणि हीच ती अट: फलकाशेजारी एक माहितीफलक असावा. ही मुले कोणत्या घरांतली होती, कुठे मेली, आणि त्यांच्याबरोबर त्याच मोर्च्यांवर आणखी कोण मेले, हे त्यावर असावे. ज्यांना नाव मिळाले नाही त्यांचाही एका ओळीत उल्लेख असावा. माहिती जुळवण्याचे काम आपण करू. पैशापेक्षा ही मदत त्यांना अधिक उपयोगी पडेल. त्यांनी ही अट मान्य केली नाही तर त्यांच्याशी बोलत राहावे. रुसून बाजूला होऊ नये.

चार, येत्या सुट्टीत जे गावी जातील त्यांनी आपल्या गावच्या दगडाचा फोटो काढावा. तेलाचा, शेंदराचा, रंगाचा थर चढला असेल तर खरवडू नका, फक्त फोटो काढा आणि नेमकी जागा लिहून आणा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, घरात जुने पदक किंवा पेन्शनचा कागद आहे का ते पाहा. फक्त मोठ्या वाड्यांत विचारून परत फिरू नका. सगळ्या वाड्या-वस्त्यांवर जा. दहा गावांची नावे जरी आपण जमवू शकलो तरी दहा दगड बोलते होतील.

शाळेत आपल्याला हजेरी लावायला शिकवतात. नाव पुकारले की ‘हजर’ म्हणायचे. गैरहजर असेल त्याचे नावही पुकारले जातेच, आणि त्यापुढे तशी खूण केली जाते. नुसता ‘आज चार मुले आली नाहीत’ असा आकडा लिहून कोणताही चांगला शिक्षक वही मिटत नाही. त्या साध्या शिस्तीची अपेक्षा आपण देशाकडून, साम्राज्याकडून आणि आपल्या गावाकडूनही ठेवली पाहिजे.

या लेखातील मते माझी आहेत. पटली नाहीत तर जरूर लिहा. विशेषतः ज्यांचा वर्गणीलाच विरोध आहे त्यांनी आपली बाजू सविस्तर मांडावी, म्हणजे निर्णय घेताना दोन्ही बाजू सर्वांसमोर असतील. आणि गावाकडचे फोटो मात्र मतभेद असले तरी पाठवा.